हळद्याची कुंडली कुणी मांडली नव्हती

परवा एका लेखात वाचलं की स्वतःचं दुसरं रूप म्हणून एखादं पात्र उभं करायचं आणि कविता, नाटक, कॉमिक सगळीकडं वापरायचं तर त्याची कुंडली आधी कागदावर मांडा. मला नाय पटलं. माझं असलंच पात्र म्हणजे हळद्या, तो असा नाय झाला. मी सांगलीचा, सुट्टीत मार्केट यार्डात मामाच्या दुकानात बसायचो, तिथं हळदीची पोती उचलणाऱ्यांच्या नखातला पिवळा रंग आंघोळ केली तरी जायचा नाही, तेवढं एक डोक्यात बसलं आणि कॉलेजात हळद्या या नावानं चार कविता लिहिल्या (रडक्या होत्या, असो). मग एकांकिकेत घेतला तर गडी बोलायलाच लागला, आणि बोलतोय काय तर मी घरात जे तोंडातून काढत नाय ते सगळं! २०१९ च्या महापुरानंतर कॉमिकमध्ये आणला, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट, हा पठ्ठ्या ४६ व्या फुटाला पण चहा मागतोय. तिन्हीकडं स्वभाव वेगळा, नखं मात्र पिवळीच. राम गणेश गडकऱ्यांचंच बघा की, कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम आणि नाटकाला स्वतःचं नाव, माणूस एकच पण आवाज किती निराळे.

आता पॉडकास्ट करायचं डोक्यात आहे, पण तिथं नखं दाखवायची कशी हे कुणीतरी सांगा राव.