नजरअंदाज आठ दिवस

"किती दिस लागतेत?"

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या कट्ट्यावर बसून शेठजींनी विचारलं. समोर काटा चालू, हमालांची ओरड. अशा जागी 'विचार करून सांगतो' तोंडातून निघत नाही. मी म्हणालो, "आठ दिवस."

काम साधंच. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, छापणारं सॉफ्टवेअर करायचं. वजन गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई. असली गणितं सहावीत सोडवलेली.

गणित खरंच एका दुपारी झालं. शेठजी सहज म्हणाले, "अन् उचल?"

"कसली उचल?"

"पेरणीला नेलेली. बापानं नेली अन् पोराच्या नावानं माल आला, तरीबी कापायची."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

मग प्रिंटर. डॉट मॅट्रिक्स, बहुधा माझ्याहून वडील. त्यावर 'क्विंटल' एवढा एक शब्द उमटवायला मला तीन दिवस लागले. कधी वेलांटी भलत्याच अक्षराला, कधी लंगडा क, कधी नुसते चौकोन. शेवटी अख्खी पट्टीच चित्र करून पाठवली. उमटली, पण एक पट्टी निघेपर्यंत हमालाचा चहा पिऊन व्हायचा.

विसाव्या दिवशी मी "९० टक्के झालंय" म्हणालो. अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे प्रोग्रामर टॉम कारगिल सांगून गेलेत की पहिल्या ९० टक्के कामाला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्क्यांना आणखी ९० टक्के. हे मोठ्या उत्साहानं शेठजींना ऐकवलं.

"म्हंजे शंभराचे १८०. असा काटा मी लावला तर लायसन जाईल माझं."

सरकारचं बरं असतं. खरिपाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानानं पीक किती आलं त्याचा आकडा, सप्टेंबरात नजरअंदाज (नुसत्या नजरेनं लावलेला), ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम. तिन्ही आकडे वेगळे निघाले तरी तलाठ्याची कुणी कॉलर धरत नाही. मीही तीच वाट धरली. म्हणालो, "शेठजी, आठ दिवस हा नजरअंदाज होता. सुधारित ४५. अंतिम दिवाळीनंतर सांगतो."

शेठजींनी चष्मा काढून पुसला. "पैसेवारी ५० च्या आत का बाहेर?"

"आतच धरा."

"म्हंजे दुष्काळ." त्यांनी वही मिटली. "दुष्काळात वसुली बंद असती, साहेब. तुमचं बिल आता पाऊसपाणी झाल्यावर बघू."