ओ रक्तगट आणि ‘लक्षणंच दिसत नाहीत’: खुलासा

‘ओ रक्तगटवाल्यांना कोरोना झाला तरी लक्षणं दिसत नाहीत, सीएसआयआरने सिद्ध केलंय’ असा मेसेज फिरतोय. सीएसआयआरची, म्हणजे केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेची, पाहणी झाली होती हे खरं. निष्कर्ष मात्र हा नव्हता.

२०२० मध्ये सीएसआयआरने आपल्या प्रयोगशाळांतले कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय अशा १०,४२७ जणांचं रक्त तपासलं. सुमारे दहा टक्क्यांत अँटिबॉडी (म्हणजे आधी संसर्ग होऊन गेल्याची खूण) सापडल्या. त्यांच्यापैकी ज्यांनी माहिती दिली, त्यातल्या तीन चतुर्थांश लोकांना एकही लक्षण आठवेना. आणखी एक निरीक्षण होतं: ओ गटात अँटिबॉडी असलेले कमी, एबीत जास्त. ही दोन वेगळी वाक्यं कुणीतरी एकत्र शिवली आणि मेसेज तयार! संसर्ग कमी जणांना होणं निराळं, झाल्यावर लक्षणं न दिसणं निराळं. (त्याच पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांतही अँटिबॉडी कमी होत्या. म्हणून कुणी विडी पेटवायला सांगत नाही.)

लक्षणांविना संसर्गाचा जनुकीय धागा २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या अस्थिमज्जा दात्यांच्या त्या अभ्यासात लक्षणं न दिसलेल्या सुमारे २० टक्के लोकांत एचएलए-बी*१५:०१ हा जनुकाचा प्रकार होता, लक्षणं दिसलेल्यांत ९ टक्के. पण एचएलए म्हणजे रक्तगट नव्हे. तो प्रतिकारशक्तीच्या पेशींना विषाणूचे तुकडे दाखवणारा प्रथिनांचा गट आहे, आणि रक्तगटाच्या कार्डावरून त्याचा पत्ता लागत नाही.

घरात कुणी पॉझिटिव्ह असेल तर ओ गटवाल्यांनीही मास्क लावावा, चाचणी करून घ्यावी.