गेनमाइचाला उकळतं पाणीच हवं

भाजक्या तांदळाच्या जपानी ग्रीन टीबद्दल, म्हणजे गेनमाइचाबद्दल, एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातली गोष्ट थोडक्यात अशी. पंधराव्या शतकात गेनमाइ नावाचा नोकर आपल्या सामुराई मालकाला चहा ओतत होता. बाहीत बांधलेले तांदूळ कपात सांडले, मालकाने रागाच्या भरात त्याचं मुंडकं उडवलं. मग तोच चहा चाखला तर आवडला, म्हणून चहाला नोकराचं नाव दिलं. त्याखाली चार दावे: हा गरिबांचा, तांदूळ घालून वाढवलेला चहा आहे, पाणी 70 अंशांच्या वर गेलं की तो बिघडतो, यात कॅफिन अजिबात नसतं, आणि रोज तीन कप घेतल्यास पोट उतरतं.

माझ्या मावशीने हे वाचून मोठ्या हौसेने पाकीट आणलं, कोमट पाण्यात चहा केला, ‘नुसतं पाणी लागतंय गं’ म्हणाली आणि पाकीट डब्यांच्या मागे ढकलून दिलं. मला मनापासून वाईट वाटलं. हा चहा गेली कित्येक वर्षं माझ्या सकाळचा भाग आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेते.

आधी नाव. जपानीत ‘गेनमाइ’ म्हणजे पॉलिश न केलेला, कोंड्यासकटचा तांदूळ. आजही दुकानात त्या तांदळाच्या पिशवीवर हाच शब्द असतो. ‘चा’ म्हणजे चहा, आपल्या गावाकडे ‘चा घेता का’ म्हणतात तोच चा. तांदळाच्या चहाला तांदळाचा चहा म्हटलं, इतकंच. त्यासाठी कुणाचं मुंडकं उडायची गरज नव्हती. काळाचंही जमत नाही. पंधराव्या शतकात सामुराईंच्या बैठकीतला चहा म्हणजे पानांची पूड पाण्यात घुसळून केलेला माच्चा. खेडोपाडी जाडीभरडी पानं उकळून पीत असत, हे खरं. पण वाफवून, वळून सुकवलेली हिरवी पानं गरम पाण्यात भिजवून पिण्याची पद्धत रुळली ती जपानातल्या उजी गावाजवळच्या नागातानी सोएन या चहा उत्पादकाने 1738 मध्ये सेन्चा तयार करण्याची रीत बसवल्यानंतर.

मग तांदूळ आला कुठून? क्योटोच्या चहावाल्यांची जी हकिकत सांगितली जाते, ती मला जास्त पटते. नववर्षाला मांडलेली कागामी मोची, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यांची रास, जानेवारीत फोडतात. तिचे उरलेले तुकडे टाकवेनात, म्हणून ते भाजून चहात घातले. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. ज्या घरात अन्नाचा कण पानात टाकत नाहीत, तिथल्या माणसाला हे लगेच कळेल.

‘गरिबांचा चहा’ हा दावाही डळमळतो. जपानच्या एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, शेतसारा तांदळात भरायचा, सामुराईचा पगार तांदळात मोजायचा. त्या समाजात तांदूळ हा स्वस्त भरताड नव्हता. आज गेनमाइचा चांगल्या सेन्चापेक्षा स्वस्त मिळतो, हे मान्य. त्यात बहुधा बान्चाची, म्हणजे उशिरा खुडलेली मोठी पानं असतात आणि निम्म्याच्या आसपास तांदूळ. पण त्या तांदळावर मेहनत असते: भिजवायचा, वाफवायचा, सुकवायचा आणि मग खमंग भाजायचा. भाजताना काही दाणे फुलतात. पाकिटात पांढरे फुललेले दिसतात ते हेच. मक्याचे नव्हेत, तांदळाच्याच लाह्या.

आता पाणी. मावशीचा चहा जिथे फसला तो मुद्दा हाच, आणि या मेसेजने सगळ्यात जास्त नुकसान इथेच केलं आहे. कमी गरम पाण्याचा नियम खोटा नाही, तो दुसऱ्या चहाचा आहे. ग्योकुरोसारख्या सावलीत वाढवलेल्या कोवळ्या पानांत गोडसर चव देणारं थिआनिन भरपूर असतं. ते कमी तापमानालाही उतरतं, तर तुरटपणा आणणारी कॅटेचिनं गरम पाण्यात जास्त सुटतात. म्हणून तिथे पाणी निववायचं. गेनमाइचाचा जीव मात्र भाजक्या दाण्याच्या वासात आहे, आणि तो वास कोमट पाण्यात निघतच नाही. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात मोजणीसाठी ग्योकुरो 60 अंशांच्या पाण्यात अडीच मिनिटं ठेवला आहे, तर गेनमाइचा 90 अंशांच्या पाण्यात फक्त अर्धा मिनिट. सांभाळायची ती वेळ. मी पोह्याचा एक चमचा भरून चहा घेते, साधारण 5 ग्रॅम. त्यावर गॅसवरून उतरवलेलं उकळतं पाणी, 200 मिलीलिटर. झाकण. तीस सेकंदांत गाळायचा, शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी पानांवर राहिलं तर दुसरा कप कडू होतो. दुसऱ्या कपाला पुन्हा उकळतं पाणी आणि तेवढाच वेळ. दूध नको, साखर नको. आणि आपल्या चहासारखा पातेल्यात उकळू नका, त्याने मात्र खरंच बिघडतो.

कॅफिनचं म्हणाल तर ते आहे. त्याच तक्त्यात 100 मिलीलिटरमागे गेनमाइचात 10 मिलिग्रॅम, सेन्चात 20, कॉफीत 60 आणि ग्योकुरोत 160. म्हणजे कमी, पण शून्य नाही. ज्यांना कॅफिनने झोप येत नाही किंवा डॉक्टरांनी बंद सांगितलं आहे, त्यांना ‘अजिबात नसतं’ असं सांगणं चूक आहे.

पोट उतरण्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. दोन चमचे साखरेच्या चहाऐवजी हा घेतलात तर दर कपाला सुमारे 40 कॅलरी वाचतील, त्या साखरेच्या. तांदूळ घातलेल्या चहाने चरबी वितळत नाही.

मावशीचं पाकीट उघडून दोन महिने झालेत, आणि भाजक्या दाण्यांचा वास उघड्यावर फार टिकत नाही. रविवारी तिच्याकडे जाताना नवं पाकीट आणि घट्ट झाकणाचा डबा घेऊन जाणार आहे. पाणी तिच्याच गॅसवर उकळेन.