राजाराम महाराज, व्हाया पिसा

इटलीत फ्लॉरेन्सला कशासाठी जायचं, यावर आमच्या घरात कधीच एकमत झालं नाही. जायचं यावर मात्र झालं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. बायकोला मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघायचा होता. मला स्वस्त तिकीट हवं होतं. (आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. इथे सोमवारी ऑफिसात ‘वीकेंडला घरीच होतो’ म्हटलं की लोक तब्येतीची चौकशी करतात.) आणि कोल्हापूरहून उन्हाळ्यात आमच्याकडे येणार असलेल्या आबांना महाराजांच्या दर्शनाला जायचं होतं.

“कुठले महाराज?” बायकोने व्हिडिओ कॉलवर विचारलं. ती नागपूरची.

पलीकडे आबांचा चेहरा बघून मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग पाऊण तास इतिहास झाला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते, 1870 मध्ये इंग्लंड पाहून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच वारले. वय जेमतेम विशीचं. इटलीत तेव्हा दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. 1874 मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसला. जवळ पुढे मोठा पूल झाला, त्याला आजही तिथले लोक ‘इंडियानो’चा, म्हणजे भारतीयाचा, पूल म्हणतात.

“एवढं असून तुम्ही दोघं तिथं नागडा पुतळा बघाय जाणार,” आबा म्हणाले.

डेव्हिडची बाजू मी मांडली नाही. पाच मीटरहून उंच माणूस आहे, स्वतःचं बघून घेईल.

पहिलं काम विमानाचं. फ्लॉरेन्सला स्वतःचा विमानतळ आहे, पण धावपट्टी तोकडी, बाजूला डोंगर. वारा फिरला की विमान पिसा नाहीतर बोलोन्याला उतरवतात. म्हणजे जादा पैसे भरून फ्लॉरेन्सचं तिकीट काढायचं आणि पिसा बघायचं. त्यापेक्षा सरळ पिसाचं स्वस्त तिकीट काढावं आणि तिथून तासाभराची रेल्वे धरावी, हा माझा युक्तिवाद घरात मंजूर झाला. तिकीट खरंच इतकं स्वस्त होतं की विमानतळापर्यंतच्या बसला त्याहून जास्त पडत होते. पण ती किंमत फक्त देहाची. देहासोबत बॅग असेल तर वेगळे, देह बायकोशेजारी बसवायचा असेल तर आणखी वेगळे. फुकटात न्यायची पिशवी सीटखाली मावली पाहिजे, साधारण 40 × 30 × 20 सेंटिमीटर.

आबा निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी कोल्हापुरात बसून मोजपट्टी काढली आणि आकडा सांगितला, “चोवीस लिटर. ह्यात माझा फेटा बसला तर कपडे बसत नाहीत.”

“फेटा कशाला, आबा?”

“महाराजांच्या म्होरं बोडक्यानं उभा राहू?”

फेटा डोक्यावर बांधूनच विमानात चढायचं ठरलं. डोक्यावरच्या सामानाचे पैसे अजून कोणी लावलेले नाहीत. तुपाची बरणी मात्र मी नियमावर बोट ठेवून बाद केली. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूधदुभतं नेता येत नाही. लसणाची चटणी बसली, आणि ती लागणारही होती, कारण फ्लॉरेन्सच्या तस्कनी प्रांतातल्या पावात मीठच घालत नाहीत.

आता तारीख. सगळ्यात स्वस्त जोडी शनिवारी संध्याकाळी जायची आणि मंगळवारी पहाटे परतायची होती. स्वस्त का, ते तिकिटं काढायच्या आत बायकोने शोधलं. सोमवारी उफिझी हे चित्रसंग्रहालय बंद. सोमवारी अकादेमियाही बंद, म्हणजे डेव्हिड रजेवर. रविवारी मोठ्या कॅथीड्रलमध्ये पर्यटकांना प्रवेश नाही. आणि आमचा रविवार निघाला महिन्यातला पहिला. त्या दिवशी इटलीतली सरकारी संग्रहालयं फुकट असतात, त्यामुळे अर्धी इटली आधीच रांगेत. बायको म्हणाली, तारीख बदल. मी दुसऱ्या तारखांचे दर दाखवले. ती रांगेत उभं राहायला तयार झाली.

कॅथीड्रलच्या घुमटाबद्दल मात्र मला आशा होती. ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने 1420 ते 1436 मध्ये खालून लाकडी साच्याचा आधार न देता चाळीस लाखांवर विटांचा घुमट उभा केला. हे ऐकून ओव्हरसियर विरघळेल असं वाटलं.

“काम कधी चालू झालतं?” आबांनी विचारलं.

“कॅथीड्रलचं? 1296.”

“आणि घुमटाला 1420? सव्वाशे वर्षं वर भोक? बिलं कोण पास करत हुतं?”

दर्शनी बाजूचा संगमरवर तर 1887 मध्ये पूर्ण झाला, म्हणजे महाराज गेले तेव्हा इमारतीला तोंडच नव्हतं, हे मी पदरचं सांगून टाकलं. आबांना फार समाधान झालं. कामं रखडण्यात आपण एकटे नाही, हा दिलासा मोठा असतो. पण वर जायला 463 पायऱ्या आणि लिफ्ट नाही, हे कळल्यावर त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि तो विषय संपवला. घुमटाची तिकिटं तारीख-वेळ ठरवून घ्यावी लागतात. दोनच काढली.

व्हिसाचं काय सांगावं! विमान आणि हॉटेल आधी दाखवा, मग व्हिसा. आणि व्हिसाच नाही मिळाला तर विमान आणि हॉटेल आपणच बघत बसा. आमचे अर्ज लंडनमध्ये, आबांचा मुंबईत. तीस हजार युरोंचा प्रवास विमा सक्तीचा. त्या विम्यात मृतदेह मायदेशी पाठवायचा खर्चही धरलेला असतो. ते कलम मी जरा घाईने वाचून दाखवलं.

आबा गप्प झाले. मग म्हणाले, “महाराजांच्या वक्ताला ही सोय नव्हती.”

अर्जात प्रवासाचं कारण विचारतात. पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची वा मित्रांची भेट वगैरे चौकोन असतात. आबांनी भेटीच्या चौकोनावर खूण करून पुढे यजमानाच्या नावाच्या जागी महाराजांचं नाव लिहिलं आणि पत्ता ‘कशिने बाग, नदीकाठ’, म्हणजे पुतळ्याचा. एजंटाने घाम पुसत दुसरा फॉर्म भरला आणि ‘पर्यटन’ केलं. व्हिसा आमच्या आधी त्यांचाच आला, पण “मी काय पर्यटक हाय व्हय?” हे ते इथे आल्यावरही शेजारच्या इंग्रज आजींना सांगत होते. आजी ‘लव्हली’ म्हणत होत्या.

एवढ्या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. डेव्हिडला रांग, घुमटाला ठरलेली वेळ, हॉटेलात माणशी दर रात्रीचा नगरपालिकेचा कर. आणि महाराज? बाग उघडी, तिकीट नाही, रांग नाही, सोमवारची सुट्टी नाही. माझ्या स्वस्त तिकिटाला शोभणारं शहरातलं एकमेव स्थळ आबांनी काढलं होतं. सबंध सोमवार महाराजांच्या नावे लिहिला. स्टेशनापासून ट्रामने बागेपर्यंत, पुढे संगमापर्यंत पायी.

सगळं ठरलं, छापलं, फाइलला लागलं. आणि परवा बातमी आली की नेमक्या त्या सोमवारी ट्रामवाल्यांचा संप आहे. इटलीत संपाची तारीख आधी जाहीर करतात, म्हणजे प्रवाशाला काळजी करायला पुरेसा वेळ मिळतो. मी ती केली. बायकोने टॅक्सीचे दर काढले आणि लॅपटॉप मिटला. आबांना कसं सांगावं हा प्रश्न होता. सांगितलं.

आबा 1977-78 च्या राज्य कर्मचाऱ्यांच्या 54 दिवसांच्या संपातले. ताठ बसले. चष्मा लावला.

“मागण्या काय हायत त्यांच्या?”

“मला काय माहीत, आबा.”

“मग बघ की. महाराजांकडं चालत जाऊ, चार-पाच किलोमीटरला काय हुतंय.” गुडघ्याची त्यांना आठवण राहिलेली दिसत नव्हती. “पण आधी सकाळी त्यांच्या सभेला जाऊन येऊ. फेटा बांधलेलाच आसंल.”

काल रात्रीपासून लॅपटॉप त्यांच्याकडे आहे. बायको म्हणते, माझा बोर्डिंग पास तरी छापून घे.