येथे चकाकी घालवून मिळेल

आमच्या घरात चकाकीला फार मान आहे. आई पितळेचा तांब्या चिंचेनं घासायला घेते ती त्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत सोडत नाही. फरशी पुसून झाली की बायको खिडकीच्या उजेडात वाकून डाग राहिलाय का ते बघते. समोरचे काका दर रविवारी गाडीला पॉलिश लावतात आणि मग दिवसभर कुणाला हात लावू देत नाहीत. अशा वस्तीत राहून मी जुलैपासून एका वीतभरही नसलेल्या विमानाची चकाकी घालवायच्या मागे लागलो होतो.

विमान म्हणजे हॉकर हरिकेन, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, १:७२ प्रमाणातलं. खऱ्या हरिकेनचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२.१९ मीटर, माझ्याचे सतरा सेंटिमीटर. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या हाताखालची आपल्या हवाई दलाची एक नंबर स्क्वॉड्रन हरिकेनच उडवत होती, म्हणून हा हट्ट. लढाईतलं विमान उन्हात चमकलं की शत्रूला आयतं सापडतं, तेव्हा रंग मॅटच, म्हणजे बिनचकाकीचाच हवा. शिवाय विमान बहात्तर पटींनी लहान करता येतं, पण त्याच्या पाठीवर पडलेली ट्यूबलाइट काही लहान होत नाही. जरा चकाकलं की हरिकेनचं जत्रेतलं खेळणं होतं.

आता मॅट रंग द्यायचा आणि मोकळं व्हायचं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मध्ये डेकल येतात. डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं: आकडे, अक्षरं, पंखांवरची निळी-पांढरी वर्तुळं. (ब्रिटिशांच्या वर्तुळात मधे लाल ठिपका असायचा. आपल्या आघाडीवर तो काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळाच असे आणि घाईत आपलीच माणसं आपल्यावर गोळी झाडायची.) मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. त्यावर डेकल लावलं की खाली हवा अडकते आणि ते सुरळीत बसलेलं न दिसता चंदेरी दिसायला लागतं. त्यामुळे आधी अख्ख्या विमानाला ग्लॉस कोट मारून आरशासारखं करायचं, मग डेकल लावायचे, आणि सगळ्यात शेवटी फ्लॅट क्लिअर, म्हणजे बिनचकाकीचं पारदर्शक वॉर्निश, मारून ती सगळी चकाकी घालवायची.

"म्हणजे आधी चमकवायचं आणि मग ते पुसायचं?" बायकोनं विचारलं.

"पुसायचं नाही. मारायचं."

"मग चमकवतोसच कशाला?"

मी डेकलचं शास्त्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर माणूस जसं ऐकून घेतो तसं.

ग्लॉस कोटानंतर विमान इतकं सुंदर दिसत होतं की आई म्हणाली, "झालं की रे छान. आता हात नको लावूस." मी तिथेच थांबायला हवं होतं.

फ्लॅट क्लिअरचा डबा मागवला. डबा म्हणजे स्प्रेचा, आत गोळी खुळखुळणारा. आधी जर्मनीतल्या मित्राला सांगितलं होतं, पण असले ज्वालाग्राही डबे विमानात चढू देत नाहीत. विमानाला लावायचा कोट विमानातून आणता येत नाही, यावर आम्ही दोघं फोनवर बराच वेळ हसलो. मग इथेच दुप्पट पैसे मोजले आणि माझं हसू गेलं.

जुलैतला रविवार, ठाणे, पाऊस थांबलेला. मी गच्चीवर गेलो. डबा दोन मिनिटं हलवला, वीतभर अंतरावरून एक हात मारला. ओला कोट पडला तेव्हा विमान आणखीच चमकलं. मग थिनर उडायला लागला आणि पंखाच्या कडेकडून चकाकी हळूहळू आत सरकत गेली, उन्हात ओली फरशी सुकत जावी तशी. या अर्ध्या मिनिटासाठी माणूस हा छंद करतो. मी श्वास धरून बघत होतो. रंग मंद झाला, मखमली झाला, आणि थांबला नाही. पांढरा होत गेला. पाच मिनिटांत माझं ब्रह्मदेशाच्या जंगलावरचं हरिकेन लाडवासारखं पिठीसाखरेत घोळलेलं दिसायला लागलं.

खाली आणलं तर आई म्हणाली, "एवढी पावडर का लावलीस त्याला?"

कारण नंतर वाचलं. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ तिथे येऊन बसते, गार ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तशी. ती वाफ कोटात अडकते आणि पांढरं धुकं धरतं. आईला हे वाचावं लागलं नाही. "पावसाळ्यात कुणी कुरडया घालतं का? घालायचं ते उन्हात," एवढं म्हणून ती पुन्हा वाटाणे सोलायला लागली. लढाईतली ती विमानं इंफाळच्या धो धो पावसात उडत होती, हे तिला सांगून उपयोग नव्हता. त्यांना गच्चीवर वाळवायचं नव्हतं.

छंदातल्या एका ज्येष्ठांनी उपाय सांगितला: ऑलिव्ह तेलाचा हात फिरवा. पांढऱ्या कोटाच्या बारीक खळग्यांत तेल भरलं की धुकं दिसेनासं होतं. आमच्याकडे ऑलिव्ह तेल नव्हतं, खोबरेल होतं. लावलं. धुकं खरंच गेलं! रंग वर आला, डेकल दिसले, आणि विमान शाळेत निघालेल्या मुलासारखं चापूनचोपून चमकायला लागलं. वासही तोच. मग भांड्याच्या साबणानं हलक्या हातानं आंघोळ, पुन्हा ग्लॉस कोट, आणि पहिले पाढे पंचावन्न.

दुसरा प्रयत्न सप्टेंबरमध्ये, पाण्यातल्या मॅट वॉर्निशची बाटली आणि एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारायचं पेन, घेऊन. काँप्रेसरचा दाब बेताचा ठेवला, पातळ हात मारले. सुकल्यावर विमान जसंच्या तसं तुळतुळीत. बाटलीला शिव्या घालत बसलो होतो.

"तळ ढवळलास का?" आईनं विचारलं.

"हलवली ना बाटली."

"हलवून काय होतंय? पन्ह्याचा गर खाली बसतो तसं बसलं असेल."

तसंच बसलं होतं. मॅट वॉर्निशमध्ये चकाकी मारायचं काम सिलिकाची बारीक भुकटी करते. ती पृष्ठभागावर उंचसखल होऊन प्रकाश इकडेतिकडे उधळून लावते. आमची सगळी भुकटी बुडाशी साय धरून बसली होती आणि मी वरचं निव्वळ पाणी फवारत होतो. आईसक्रीमच्या काडीनं दहा मिनिटं ढवळलं. त्या काडीला लागलेलं वॉर्निश सुकून खडूसारखं झालं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तिसरा प्रयत्न ऑक्टोबरच्या कडक उन्हात झाला. तीन पातळ हात. हरिकेन असं विझलं, असं विझलं, की कुठूनही फिरवा, ट्यूबलाइट सापडत नव्हती. काचेवरच्या मास्किंग टेपच्या चिकट्या चिमट्यानं एकेक काढल्या. हरिकेनची काच म्हणजे वाड्याची गजाची खिडकी, बारीक तावदानंच तावदानं. डावीकडचं एक झाकायचं राहिलं होतं, तेवढंच दुधाळ झालेलं. वैमानिकाला एका बाजूनं मोतीबिंदू. त्याचं ऑपरेशन ग्लॉस वॉर्निशच्या एका थेंबानं झालं: खळगे भरले, काच साफ. तेवढं एक काम पहिल्या फटक्यात जमलं.

दिवाळीच्या आधी घराला रंग काढला होता. रंगारी काका सातारकडचे, चाळीस वर्षं हेच काम करणारे. विमान कपाटावर होतं. घरी येणारे सगळे आतापर्यंत "अजून पॉलिश राहिलंय वाटतं" म्हणून गेले होते. काकांनी ब्रश खाली ठेवला, विमानाजवळ डोळा नेला, तिरकं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं तिरकं बघितलं.

"डेड मॅट," ते म्हणाले. "एक पट्टा न्हाई कुठं. ह्ये सोपं न्हाई सायेब."

माझा गळा भरून आला. मी वाफेपासून तळ ढवळण्यापर्यंत सगळं सांगितलं. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. आणि मग, भिंतीचा हात नीट बसलाय का हे चाळीस वर्षं जसं बघत आले तसं, त्यांनी डाव्या पंखावरच्या निळ्या वर्तुळावरून अंगठा दाबून फिरवला.

मॅट कोट घासला की चकाकतो. विमान उजेडात धरलं की त्या वर्तुळावर अंगठ्याएवढी ट्यूबलाइट दिसते.