आंदण दिली, पण कोणती मुंबई?

‘पोर्तुगीजांनी सात बेटांची मुंबई राजकन्येच्या हुंड्यात इंग्रजांना दिली. तेव्हा इथे नुसती दलदल होती. राजाने ती १० पौंडांना ईस्ट इंडिया कंपनीला विकली.’ हा मजकूर जुन्या नकाशासकट पुन्हा फिरतोय. लग्न खरं, तह खरा. पण बाकीच्या बहुतेक गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्या चुकांमध्ये इथली माणसंच गायब झाली आहेत.

आधी ‘सात बेटं’. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या, ब्रॅगांझाची कॅथरीन, यांच्या लग्नाचा तह २३ जून १६६१ चा. त्यात मुंबईचं बंदर आणि बेट एवढंच लिहिलंय. बेट, एकच. माहीम, शीव, वडाळा त्यात येत नाहीत असं पोर्तुगीजांचं म्हणणं होतं आणि मला ते चुकीचं वाटत नाही. तो भाग इंग्रजांनी नंतर बळाने घेतला. साष्टी तर मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकली. ती कंपनीच्या हाती पडायला १७७४ उजाडलं.

‘हुंडा’ म्हटलं की घरगुती व्यवहार वाटतो. हा संरक्षणाचा सौदा होता. पोर्तुगाल तेव्हा स्पेनशी लढत होता आणि इकडे डच त्याची एकेक ठाणी घेत सुटले होते. १६५६ मध्ये कोलंबो गेलं होतं. डचांपासून उरलेलं वाचवण्यासाठी इंग्रजांचं आरमार हवं होतं, त्याची ही किंमत.

आणि ‘दिली’ म्हणावं इतक्या सहजी ती दिलीच नाही. १६६२ मध्ये इंग्लंडच्या राजाने ताबा घ्यायला पाठवलेला अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन मुंबईच्या बंदरात आला. त्याच ताफ्यातून नवा पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रोही आला होता. त्यानेच कागदपत्रांत खोट काढून ताबा नाकारला. शिपमनची फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकली. निवारा नाही, तापाची साथ. १६६४ मध्ये शिपमन तिथेच वारला आणि चारशेंतले जेमतेम शंभर उरले. त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने व्हाइसरॉयच्या अटी मान्य केल्या, तेव्हा १८ फेब्रुवारी १६६५ ला ताबा मिळाला. तोही दोना इग्नेस द मिरांडा या विधवेच्या वाड्यात. कुकने हातात माती आणि दगड घेतले आणि बेट इंग्लंडच्या राजाचं झालं.

तो वाडा आधी गार्सिया द ओर्ता या वैद्याचा. त्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होतं. आपलं इथलं आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं, असं त्याने १५६३ च्या ग्रंथात लिहून ठेवलंय. ही दलदल? खाजणं होती, भरतीचं पाणी शिरायचं. पण भातशेती, माडाच्या वाड्या, मिठागरं होती. कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू राहत होते. वाळकेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं. ही सरहद्द होती, ओसाड जागा नव्हे: पंधराव्या शतकात बहमनी फौजेने माहीम घेतलं आणि गुजरातच्या सुलतानाने ते परत मिळवलं. पुढे हुमायूनचा धोका समोर दिसत असताना गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर ही बेटं पोर्तुगीजांना तोडून दिली.

राहिले १० पौंड. २७ मार्च १६६८ च्या सनदेनुसार तो दरवर्षी भरायचा नाममात्र खंड होता, विक्रीची किंमत नव्हे. राजाला बेटाचा खर्च परवडत नव्हता.

वसाहत खऱ्या अर्थाने सुरू झाली ती या सनदेनंतर, जमिनीच्या भांडणातून. कुळं आणि जमीनदार पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत, राखत होते. कंपनी म्हणे, आता सगळं आमचं. शेवटी १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने जमीनधारकांशी करार केला: वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीज नाणी) भरायचे आणि जमिनी आपल्याकडे ठेवायच्या. ओसाड बेटावर असा करार करायला समोर कोण बसलं असतं?