बंदरांचा अभ्यास

"काय वाचून राह्यले गुरुजी?" शेजारच्या काकाजींनी कुंपणावरून विचारलं.

"बंदरांचा अभ्यास करून राह्यलो."

"त्याले पुस्तक कायले पाह्यजे? माह्या वावरात या. काल चाळीसक आले होते. तुरीच्या शेंगा अशा सोलल्या, आमच्या बुढीलेही जमत नाही."

काकाजींचा दोष नाही. आमच्या दारव्हा तालुक्यात बंदर म्हणजे शेपूटवालं. अडाण नदीला पूर आला की अख्खं गाव पुलावर जाऊन पाणी पाहतं, तेवढंच आमचं जलपर्यटन. मी तीस वर्षं पोरांकडून कांडला, मार्मागोवा, पारादीप घोकून घेतलं. स्वतः एकाचीही पायरी चढलो नाही. आता मुलीनं आणि जावयानं मे महिन्यातलं क्रूझचं तिकीट हातात ठेवलंय. बार्सिलोनाहून निघायचं, भूमध्य समुद्रात फिरून परत बार्सिलोना. मुलीनं वर तंबी दिली, "बाबा, प्रत्येक बंदराची माहिती आधी काढा. नाही तर उतराल आणि दोघं बाकड्यावर बसून राहाल." आमचा बेत तोच होता. तिला कसा कळला, देव जाणे.

दोनशे पानी वही आणली. शाळेतून निवृत्त होताना मिळालेला युरोपचा नकाशा भिंतीवर लावला. त्यात युगोस्लाव्हिया अजून एकत्र नांदतो आहे, पण समुद्र जागेवर असल्यानं काम भागतं.

पहिला धक्का रोमनं दिला. तिकिटावर रोम लिहिलंय, आणि बोट लागते चिव्हितावेक्किया नावाच्या गावी. हे नाव बायकोला सांगायला मला तीन प्रयत्न लागले. तिथून रोम 70-80 किलोमीटर. म्हणजे पाहुण्यानं यवतमाळला येतो म्हणावं आणि वर्ध्याला उतरावं, त्यातला प्रकार. आमच्याकडे निदान पत्रिकेत छापतात, 'वर्ध्याहून एसटीची सोय आहे'.

फ्लॉरेन्सचं तर विचारूच नका. बोट लिव्होर्नोला लागणार, फ्लॉरेन्स पुढे 90 किलोमीटर. पिसा मात्र तिथून जवळ. दिवस एक, गावं दोन. मी फ्लॉरेन्सच्या बाजूनं चित्रं, शिल्पं, मायकेलअँजेलो असं सगळं सांगून पाहिलं. बायकोनं मनोऱ्याचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "हे पाहू. आपल्या गावची पाण्याची टाकी अशीच कलली हाय, तिले तं कोणी पाह्याले येत नाही."

मग मनोऱ्यावर दोन पानं झाली. तो फार कलला म्हणून 1990 साली लोकांसाठी बंद केला, जमिनीखालची माती हळूहळू काढून थोडा मागे आणला आणि 2001 च्या डिसेंबरात पुन्हा उघडला. अकरा वर्षं खपले आणि पूर्ण सरळ केलाच नाही. मला हे कंत्राटदाराचं काम वाटलं.

"सरळ केला असता तं पाह्याले कोण गेलं असतं?" बायको म्हणाली. फ्लॉरेन्स खोडलं.

व्हिलफ्रांशला आणखी वेगळी तऱ्हा. तिथं मोठी बोट काठाला लागतच नाही. ती खाडीत उभी राहते आणि आपण छोट्या होडीत बसून किनाऱ्यावर जायचं. लाटा जास्त असल्या तर उतरणंच रद्द. बायकोनं त्या पानावर 'लाटा याव्या' असं लिहून खाली स्वस्तिक काढलं.

नेपल्स तेवढं सज्जन. बोटीतून उतरलं की समोर गाव.

पण खरी झोप उडवली वेळेनं. बोट सुटायच्या साधारण अर्धा तास आधी सगळ्यांनी वर यायचं. आपण बोटीच्या सहलीबरोबर गेलो आणि वाटेत बस अडकली, तर बोट थांबते. आपल्या हिमतीनं गेलो तर थांबत नाही. आपली खोली उघडून पासपोर्ट काढतात, बंदरावरच्या एजंटाकडे देतात आणि निघून जातात. पुढचं बंदर तुम्ही आपल्या खर्चानं गाठा.

हे वाचून मला शकुंतला आठवली. मूर्तिजापूर-यवतमाळची आमची ती नॅरोगेज गाडी. आता बंद आहे. गार्डाला दुरून कोणी टोपी हलवत येताना दिसलं की हिरवी झेंडी काखेत जायची. धावणारा चढला, दम खाल्ला, पाणी प्यायला, मग गाडी निघायची. एसटीतही तेच. कारंज्याच्या स्टँडवर बायको चिवडा घ्यायला उतरली आणि तिला तिथं मावसबहीण भेटली. कंडक्टर घंटीची दोरी धरून वीस मिनिटं उभा होता. तीच बाई आता इटलीत बोट गाठणार आहे, आणि इटलीत मावसबहीण नाही एवढ्याच आशेवर मी आहे.

शेवटचं पान जिब्राल्टरचं. 1704 साली इंग्रजांनी घेतलं, अजून सोडलेलं नाही. छोटीशी जागा, मधोमध 426 मीटरचा खडक. आणि त्या खडकावर... मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग उठून कुंपणाकडे गेलो.

"काकाजी! ह्या बंदरावर बंदर हायेत!"

मोबाइलवर फोटो दाखवला. युरोपात मोकळी राहणारी माकडं तेवढीच. प्रवाशांच्या पिशव्या हिसकावतात, आणि त्यांना खायला घातलं तर दंड आपल्याला.

काकाजींनी फोटो मोठा करून निरखला. "शेपूट कुठं हाय?"

"त्यांना नसते."

"मंग हे आमच्यापेक्षा बरे. आमचे शेपटानं कवेलूही पाडते."

मी त्यांना तिथली समजूत सांगितली, की खडकावर माकडं आहेत तोवर इंग्रजांचं राज्य राहील. दुसऱ्या महायुद्धात ती फार कमी उरली, तेव्हा चर्चिलनं आफ्रिकेतून नवी मागवली होती.

काकाजी बराच वेळ तुरीकडे पाहत राहिले. "आपल्याइथं उलटं झालं, गुरुजी. इंग्रज गेले अन् बंदर ठेवून गेले."

रात्री वही मिटायला घेतली. जिब्राल्टरच्या पानावर माझ्या अक्षरात होतं: किल्ला, गुहा, दीपगृह, दुर्बीण नेणे. त्याखाली बायकोच्या अक्षरात: काकाजींची गोफण विमानात चालते का, जावयाले विचारणे.